होळीला गेलेले कामगार परत का आले नाहीत?

तुम्ही कळवलंय ते थोडक्यात असं. अमळनेरला दोन बंगले आणि एक तीन मजली इमारत अशी तुमची तीन कामं सुरू आहेत. सातपुड्यातल्या धडगावकडची सतरा माणसांची टोळी होळीला गावी गेली आणि सहाच जण परतले. हजेरी म्हणजे रोजची मजुरी वाढवून पाहिली, टोळीच्या मुकादमाला जास्तीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली, तरी बाकीचे अकरा जण सुरतेला गेले. आता परप्रांतातली टोळी आणावी, यंत्रं घ्यावीत की मालकाकडे मुदत वाढवून मागावी, असा तुमचा प्रश्न आहे.

मी २८ वर्षं जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात बांधकामं करतोय. आधी दुसऱ्याच्या हाताखाली सुपरवायझर होतो, नंतर स्वतःचा ठेका घेतला. ही अडचण माझ्यावर चार वेळा आली आहे, म्हणून ठामपणे सांगतो: ते अकरा जण का गेले हे कळेपर्यंत कशातही पैसा घालू नका. सुरतेत हजेरी जास्त मिळते हे खरं, पण तिथे खोलीचं भाडं आहे, महाग किराणा आहे, गाडीभाडं आहे. हातात उरणाऱ्या पैशातला फरक तुम्हाला वाटतो तेवढा नसतो. हजेरीचा आकडा ऐकून माणूस पहिल्यांदा येतो. पुढच्या वर्षी यायचं की नाही, हे तो पाणी, सावली, निवारा आणि हिशेब आठवून ठरवतो.

सणाचं आधी बोलू, कारण तुम्ही सणाला दोष दिलाय. सातपुड्यातल्या पाड्यावरून खाली उतरणाऱ्या माणसाच्या वर्षाला त्याचं स्वतःचं वेळापत्रक असतं. पावसाळ्यात डोंगरउतारावरची त्याची ज्वारी-मका असते. दिवाळीनंतर कोणी कोयता घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातं, कोणी कापूस वेचायला येतं, कोणी आपल्याकडे. होळीआधी भोंगऱ्याचे, म्हणजे आदिवासींच्या सणाचे, बाजार भरले की माणूस घरी जाणारच. दुप्पट हजेरी दिली तरी जाईल, आणि त्याने जावंच. पुढे आखाजी (अक्षय्य तृतीया) येते, रावेर-यावलला केळीची कापणी आणि गाडीभरणी असते, मेअखेरीस बागायती कपाशीची लागवड सुरू होते. सगळ्यांना तीच माणसं हवी असतात. होळीच्या आधीचा आठवडा आणि नंतरचे दहा दिवस मी स्लॅब धरत नाही. कामाचा तक्ता करतानाच ते दिवस कोरे सोडतो आणि मालकालाही तसं सांगून ठेवतो. एवढ्यानेच माझी निम्मी चिडचिड संपली.

आता हिशेब. आपल्याकडे आठवड्याच्या बाजारादिवशी घरखर्चापुरती खर्ची द्यायची आणि पूर्ण हिशेब सणाला करायचा, अशी जुनी पद्धत आहे. तिला एक वाईट खोड जडली आहे: माणूस परत यावा म्हणून हिशेबातले थोडे पैसे मागे ठेवायचे. मीही ठेवायचो. सगळे ठेकेदार ठेवतात म्हणून मला त्यात गैर वाटत नव्हतं. एका होळीला मी चौदा माणसांचे पंधरा-पंधरा दिवसांचे पैसे ठेवून घेतले. तीन परत आले, तेही पैसे घ्यायला, आणि घेऊन दुसऱ्या दिवशी गेले. बाकीच्यांनी त्या पैशांवर पाणी सोडलं, पण माझ्याकडे आले नाहीत. ज्याचं आठवड्याचं पोट खर्चीवर चालतं, त्या माणसाने पंधरा दिवसांची कमाई सोडून दिली. माझ्याबद्दल त्यांचं काय मत झालं असेल, याचा विचार मी बरेच दिवस करत होतो. तेव्हापासून सणाला निघायच्या आदल्या दिवशी मी पै न पै देतो. नवरा-बायको दोघं कामावर असतील तर दोघांचे पैसे वेगवेगळे मोजतो, बाईचे तिच्याच हातात किंवा तिच्याच खात्यात. खर्ची बाजाराच्या दिवशी दुपारी दोनच्या आत देतो. अंधार पडल्यावर दिलेले पैसे किराण्याच्या दुकानापर्यंत पोचत नाहीत, हे तुम्हीही पाहिलं असेल.

उचलीचंही तेच. मुकादमाला दिलेली मोठी उचल टोळीच्या डोक्यावर कर्ज म्हणून बसते आणि त्यातलं किती कोणापर्यंत पोचलं हे तुम्हाला कळत नाही. कर्जापोटी माणसाला कामावर अडकवणं म्हणजे वेठबिगारी, आणि ती १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे. उचल द्यायचीच तर थोडी द्या, ज्याची त्याच्या हातात द्या आणि वहीत त्याच्यासमोर लिहा.

आता उन्हाकडे येतो. इथे मला जास्त लिहायचं आहे.

२०१० च्या मे महिन्यात भुसावळजवळ माझं एक काम सुरू होतं. एक तरुण बिगारी आखाजीच्या सुटीनंतर त्याच दिवशी कामावर आला होता. दुपारी दीडच्या सुमारास तो खडीच्या ढिगाजवळ बसला आणि काहीतरी असंबद्ध बोलू लागला. मला वाटलं, प्यायलाय. त्याला सावलीत झोपवा म्हटलं, लिंबूपाणी दिलं आणि मी सळईवाल्यांकडे वर गेलो. तासाभराने खाली आलो तर अंग तव्यासारखं तापलेलं आणि घाम एक थेंब नाही. दवाखान्यात नेलं, जीव वाचला, पण मूत्रपिंडांना इजा झाली आणि पुन्हा त्याला अंगमेहनतीचं काम करता आलं नाही. त्याच्या पाड्यावरचे आणि शेजारच्या पाड्यावरचे माझ्याकडचे सगळे, नऊ जण, आठवडाभरात निघून गेले. पुढची पाच वर्षं त्या बाजूचा एकही माणूस माझ्याकडे आला नाही. तो एक तास माझ्या हातात होता आणि मी तो घालवला. हे ओझं अजून उतरलेलं नाही.

तेव्हा मला जे माहीत नव्हतं, ते तुम्हाला आजच सांगतो. उन्हात काम करायची शरीराला सवय लागते, पण त्याला एक ते दोन आठवडे जातात आणि सुटीत ती सवय मोडते. नव्या माणसाला कडक उन्हात पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या पाचव्या हिश्शाएवढंच काम द्यावं आणि रोज तेवढंच वाढवत जावं. जुना माणूस सुटीनंतर परत आला तर पहिल्या दिवशी निम्मं काम. उष्माघाताचा धोका पहिल्या काही दिवसांतच सर्वांत जास्त असतो. म्हणजे आपण नेमकं उलटं करतो. सुटीवरून आला, ताजातवाना आहे म्हणून त्यालाच खडी वाहायला लावतो.

पाणी तहान लागल्यावर पिऊन पुरत नाही. कडक उन्हात दर वीस मिनिटांनी एक पेला, साधारण पाव लिटर, पोटात जायला हवं. म्हणजे आठ तासांचे माणशी सहा लिटर. वीस माणसांना १२० लिटर, वीस लिटरचे सहा जार. आमच्याकडे या सहा जारांचा रोजचा खर्च एका बिगाऱ्याच्या अर्ध्या हजेरीएवढाही होत नाही. ते पाणी माणूस काम करतो त्या मजल्यावर ठेवा. खाली गेटजवळ ठेवलेलं पाणी तिसऱ्या मजल्यावरचा, स्लॅबच्या फळ्या-टेकू लावणारा सेंट्रिंगवाला पीत नाही. जिना उतरायचा म्हटलं की तो तहान मारतो. क्युरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायच्या, टाकीतलं पाणी प्यायला देणारी साइट मी आजही पाहतो. हे आपण बंद केलं पाहिजे. घाम फार जात असेल तेव्हा एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. ताक मिळालं तर उत्तम.

माणूस बरळू लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला, उलटी झाली, अंग तापलं, तर तो उष्माघात धरून चाला. घाम येत असला तरी. आधी १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत थांबून राहू नका. सावलीत आडवा करा, कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. या चार ओळी मी प्रत्येक साइटवर मोठ्या अक्षरात लिहून लावतो आणि मार्च संपायच्या आत टोळीला एकदा करून दाखवतो.

वेळेबद्दल. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो. एप्रिलच्या मध्यापासून पावसापर्यंत माझं काम सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसात चालतं. हजेरी पूर्ण. सुरुवातीला मालक कुरकुरतात, त्यांना मी काँक्रीटचा हिशेब सांगतो. ४० अंशांच्या वर ओतलेलं काँक्रीट लवकर आवळतं, पाणी उडतं, तडे जातात; म्हणूनच त्या तापमानासाठी आय.एस. ७८६१ हे वेगळं भारतीय मानक आहे. आय.एस. ४५६ नुसारही कोरड्या, उष्ण हवेत किमान दहा दिवस क्युरिंग लागतं. दुपारी दोनला भरलेला स्लॅब आणि दुपारी दोनला स्लॅब भरणारा माणूस, दोघांचंही नुकसान एकाच उन्हाने होतं. मी उन्हाळ्यातला स्लॅब संध्याकाळी सहाला सुरू करतो. दिवे भरपूर लावतो, कडेला कठडा बांधतो, डक्ट आणि लिफ्टचे खड्डे फळ्यांनी झाकतो. रात्रीच्या कामात माणूस पडायचा धोका वाढतो, तिथे काटकसर नको. स्लॅब संपल्यावर वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी असते, दुसऱ्या दिवशी सुटी.

सावलीसाठी फार काही लागत नाही. हिरवी शेडनेट, चार बल्ल्या, खाली पाणी मारलेली जमीन. लोखंड कापायच्या आणि सळई बांधायच्या जागेवरही नेट टाका. मे महिन्यातल्या दुपारी सळई हातात धरवत नाही, हे ऑफिसमधून दिसत नाही.

आता एक गोष्ट, जी मला पुरुष असल्यामुळे बावीस वर्षं कळली नाही. पाणी ठेवलं, जार बदलत होतो, तरी माझ्याकडच्या रेजा, म्हणजे मजूर बाया, पाणी पीत नव्हत्या. पारोळ्याकडच्या एका मावशींना विचारलं, तर त्या आधी गप्प बसल्या आणि मग खाली बघत म्हणाल्या, “दादा, पानी त पिसूत, पन मंग जासूत कोठे?” साइटवर बायांसाठी संडास नव्हता. सकाळी सहाला घरून निघालेली बाई संध्याकाळी अंधार पडेपर्यंत लघवी रोखून धरत होती आणि त्यासाठी ४४ अंशांत दिवसभर दोन पेले पाण्यावर राहत होती. डोकं दुखणं, चक्कर, लघवीची जळजळ हे सगळं त्या बायका कामाचाच भाग समजत होत्या. मी मात्र ‘बाया वरचेवर खाडा करतात’ असं म्हणत होतो.

पाया खणायच्या दिवशीच मी आता शोषखड्डा काढून घेतो आणि पत्र्याचे दोन संडास उभे करतो, बायांचा वेगळा, आतून कडी असलेला, पाण्याच्या नळाजवळ. काम संपल्यावर पत्रे पुढच्या साइटवर जातात. पहिल्या उन्हाळ्यातच बायांचे खाडे डोळ्यांना दिसावेत इतके कमी झाले. सोबत लेकरं असतील तर त्यांच्यासाठीही जागा करा. दोन कॉलमच्या मधे बांधलेली झोळी आणि वर चाललेली सेंट्रिंगची ठोकाठोकी हे दृश्य आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यातला धोका दिसेनासा झालाय. मी टोळीतल्याच एका वयस्कर बाईला पूर्ण हजेरीवर लेकरं सांभाळायला ठेवतो. पाच-सहा लेकरांच्या आया त्यामुळे निवांत काम करतात, आणि पुढच्या वर्षी मुकादमाला त्याच सांगतात की कुठल्या साइटवर जायचं. टोळी कुठे जाणार हे पुरुष ठरवतात, असा माझाही समज होता.

निवाऱ्याबद्दल: नुसता पत्रा टाकलेल्या झोपडीत रात्री बारापर्यंत भट्टी असते. झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी पाय घसरतो, हात चुकतो. छपरावर कडबा किंवा पाचट टाका, भिंतीला वरून वारा जायला जागा ठेवा, एक पंखा आणि दिवा द्या. वायरिंग चांगल्या वायरमनकडून करून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच लावा. साइटच्या बोर्डालाही लावा. कडबा असल्यामुळे चूल झोपडीपासून लांब.

सिमेंटने हात खाल्लेला माणूस चौथ्या दिवशी येत नाही. ओलं सिमेंट कातडी जाळतं, म्हणून गमबूट आणि रबरी हातमोजे स्लॅबच्या प्रत्येक माणसाला. टाइल-ग्रॅनाइट कापताना कटरवर पाण्याची धार हवीच, ती धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. हे तुम्हाला माहीत असणार, म्हणून इथेच थांबतो.

टंचाईचा दुसरा अर्धा भाग कारागिरांचा आहे. तुम्ही ‘लेबर मिळत नाही’ म्हणता, पण तपशिलात बघितलं तर तुमचे दोन बंगले प्लास्टरच्या मिस्त्रीसाठी अडलेत. खानदेशात चांगले गवंडी आता पन्नाशीच्या पुढचे आहेत. त्यांची मुलं या धंद्यात आली नाहीत, आणि ज्यांनी यावं त्या बिगाऱ्याला आपण पंधरा वर्षं घमेलंच उचलायला लावतो. माझ्याकडे प्रत्येक मिस्त्रीच्या हाताखाली एक शिकणारा असतो. रोज दोन तास त्याच्या हातात थापी आणि ओळंबा. मिस्त्रीला शिकवण्याबद्दल रोजचे वेगळे पैसे देतो, नाहीतर तो विद्या लपवतो. त्याच्या पोटाचा प्रश्न आहे, त्याला दोष देऊ नका. शिकणाऱ्याची हजेरी सहा महिन्यांनी वाढते आणि किती वाढणार हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं. सळईच्या रिंगा बांधणं, टाइलचे सांधे भरणं, गिलाव्याचा शेवटचा हात या कामांत मी बायाही शिकवून तयार केल्या आणि त्यांना त्या कामाची पुरुषाएवढीच हजेरी देतो. बाईला कमी देणं कायद्यातही बसत नाही. या शिकलेल्या माणसांपैकी काही सोडून जातात, स्वतःचा छोटा ठेका घेतात. जाऊ द्या. तेच पुढे अडचणीला चार माणसं घेऊन येतात.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे माणसांच्या नोंदणीचं काम मात्र लगेच करा. बांधकामाच्या खर्चाच्या एक टक्का उपकर आपण भरतो, एक कोटीच्या कामावर एक लाख. तो पैसा बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी आहे, पण मिळतो फक्त नोंदणी झालेल्याला. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला, एवढी मुख्य अट. बांधकाम कामगारांचे १९९६ चे कायदे आता नव्या कामगार संहितांमध्ये सामावले गेलेत, पण ९० दिवसांची अट कायम आहे. अडतं ते दाखल्यावर. ‘सही केली तर उद्या आपल्यावर काहीतरी येईल’ या भीतीने ठेकेदार दाखला देत नाहीत. मग माणूस दलालाकडे जातो आणि तिथे पैसे मोजतो. हजेरीवही खरी ठेवा आणि खऱ्या दिवसांचा दाखला द्या. मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपणाची मदत, कामावर मृत्यू झाल्यास वारसांना पाच लाख, हे त्याच्या हक्काचं आहे. नूतनीकरणाची तारीख वहीत लिहून ठेवा. ती चुकली की लाभ अडकतात, आणि गावी असलेल्या माणसाला ती आठवत नाही.

आता तुमचे तीन पर्याय. परप्रांतातली टोळी आणायला हरकत नाही, मध्य प्रदेशातल्या बडवानी-खरगोनकडची माणसं तर जवळचीच आहेत. पण एप्रिलमध्ये थंड मुलखातून आलेल्यांना ऊन अंगवळणी पडायला दोन आठवडे द्या आणि जुन्या सहा जणांपेक्षा त्यांना जास्त हजेरी देऊ नका, नाहीतर सहाही जातील. २०२० च्या मे महिन्यात मुंबई-आग्रा महामार्गाने धुळे-शिरपूरवरून सेंधव्याकडे पायी निघालेली माणसं मी पाहिली आहेत. बाहेरून माणूस आणला की त्याच्या परतीच्या भाड्याची जबाबदारीही आपली, हे मी त्या दिवसांपासून करारात लिहितो. यंत्रं घ्यायचीच तर मिक्सर आणि माल वर चढवायची लिफ्ट आधी घ्या, घमेल्याने जिना चढण्यात जाणारी माणसं वाचतील. तीन मजली कामाला याहून मोठं काही लागणार नाही. मुदत मात्र मागाच, दीड-दोन महिन्यांची. दुपारचं काम बंद ठेवायचं तर ती लागेलच.

आणि त्या अकरा जणांना फोन करू नका. आधी वही उघडून बघा, कोणाचे किती दिवस राहिलेत. मग आखाजीला ते घरी येतील तेव्हा धडगावला स्वतः जा, ज्याचे त्याला पैसे द्या आणि विचारा की साइटवर काय नव्हतं. मुकादमाला सोबत नेऊ नका. त्याच्यासमोर ते बोलणार नाहीत.